डोंगर, नदी, दिवा, वारा

१२ जानेवारी

ताई,

पत्राला उशीर झाला म्हणून रागावू नकोस. आणि रागावलीस तरी तू तिथे नि मी इथे, माझा कान काही तुझ्या हाताला लागायचा नाही.

मी बरा आहे. हात फुटलेत, पण इथे धुलाईत सगळ्यांचेच फुटतात. हॉटेलांच्या चादरी येतात, दिवसाला बाराशे. मी आणि गवई दोघं दोन कोपरे धरून चादर गरम रोलरमध्ये सरकवतो, पलीकडून ती कडक होऊन शहाण्या मुलासारखी बाहेर येते. गवई म्हणजे माझा जोडीदार. गळा फुटक्या भोंग्याचा, पण दिवसभर गातो म्हणून नाव पडलं. चादरींत काय काय सापडतं! परवा एक कवळी निघाली. मुकादम ती हातात धरून खातंभर फिरला, 'कोणाची आहे? हसून दाखवा!'

आता मुद्द्याचं. ऑफिसात नवीन बाई आल्यात. त्यांनी सगळ्यांना एक छापील कागद वाटलाय. चाळीस प्रश्न. आपले आपण सोडवायचे आणि मग आपला स्वभाव कसला ते कळतं. माणसं चार प्रकारची असतात म्हणे. डोंगर एका जागी टिकतो. नदी सगळ्यांना सोबत घेते. दिवा पुढे होऊन वाट दाखवतो. आणि वारा कुठेच थांबत नाही. मुकादम म्हणाला, 'माझा स्वभाव माझ्या बायकोला विचारा, कागद वाचेल.'

पण मला हसू आलं नाही. बॉयलरवरची जागा रिकामी होतेय. तिथला माणूस एका खुर्चीवर बसून दिवसभर काटे बघतो. त्यांना डोंगर हवाय. काम ते लोकच शिकवणार, पण तीन वर्षं सोडून जाणार नाही अशी सही द्यायची. ताई, मला ती जागा हवी. सहा वर्षांत पाच कामं सोडली मी. बर्फाचा कारखाना, बस धुणं, बेकरी, खोकी, रंगकाम. घरी पाय हलवत बसलो की आबा गुडघ्यावर चापट मारायचे, 'पाय हलवू नकोस! भिंगरी घेऊन जन्माला आलाय कार्टा, ह्याचं बूड कुठे टेकणार?' एकदा टेकवून दाखवायचंय.

आता जे लिहायला जड जातंय ते लिहितो. सही दिली तर एप्रिलमध्ये माझं येणं होणार नाही. वर्षभर आबांजवळ मी राहतो, तू जरा मोकळी हो, असं मीच म्हणालो होतो. विसरलो नाही. पण तूच म्हणतेस ना, सवय झालीय म्हणून.

कागद सोबत आहे. मी वाचायला बसलो, तिसऱ्या प्रश्नाला पाय हलायला लागला, सातव्याला उठलोच. शाळेच्या दाखल्यापासून माझे सगळे कागद तूच भरलेस आणि मी खाली मान घालून नक्कल केली. हाही भर. मी इथे दुसऱ्या कागदावर उतरवून देईन. हो की नाही, आणि शेजारी एका ओळीत कारण. खरं लिही. डोंगर यावा म्हणून लबाडी करू नकोस.

आबांना सांग, रागवणं चालू ठेवा, त्यानं तब्येत चांगली राहते.

तुझा भिंगऱ्या


२९ जानेवारी

भिंगऱ्या,

कागद भरून पाठवते आहे. चार बैठका लागल्या. एका सभागृहाचे सोळा पडदे शिवायला घेतलेत, मध्येच मशीनचं पायडल थांबवायचं, एक प्रश्न लिहायचा, परत पायडल. आधी तुझा चेहरा समोर आणून लिहीत होते, मग लिहीतच गेले. विचित्र प्रश्न आहेत रे. आजवर कोणी असं काही विचारलंच नव्हतं. तुला, म्हणजे.

लकव्यानंतर आबांच्या डाव्या हाताची मूठ अजून वळत नाही. जीभ मात्र शाबूत. जुन्या गिऱ्हाइकांची पडून राहिलेली कुलुपं पुढ्यात घेऊन बसतात, उजव्या हाताने उघडतात, बंद करतात. आंघोळीला आणि जिन्याला माणूस लागतंच. तुझं वाचून दाखवलं तर म्हणाले, 'स्वभाव कळायला कागद? किल्ली कशी धरतो ते बघून मी माणूस ओळखायचो.'

माझी शाळेतली लांब वेणीवाली मैत्रीण आठवते? ती बंदराच्या गावी बोटींची शिडं शिवणाऱ्या कारखान्यात लागलीय. सरळ शिवण घालणाऱ्या बायका त्यांना कमी पडतात, मार्चअखेरपर्यंत जागा भरणार आहेत. मला ये म्हणते. मी म्हटलं, वेडी का खुळी? समुद्र चित्रात बघितलाय तेवढा पुरे.

एप्रिलचं मनाला लावून घेऊ नकोस. इथे काही अडलेलं नाही. तुझं बूड टेकतंय ह्याहून मला काय हवं?

हातांना रात्री तेल लाव.

ताई


२० फेब्रुवारी

ताई,

निकाल लागला. भिंतीवर यादी लावलीय, कपाटांच्या शेजारी, येता-जाता सगळ्यांना दिसेल अशी. मी वारा आहे. चाळीसपैकी एकतीस गुण वाऱ्याचे. बाई म्हणाल्या, इतका निखळ वारा त्यांनी पहिल्यांदाच पाहिला. जणू बक्षीसच लागलंय मला.

गवई दिवा निघाला. त्या दिवसापासून दीडपट मोठ्यानं गातो. मुकादम मी दिसलो की हातातले कागद धरून ठेवतो, 'उडतील रे बाबा, वारा आला!' हसतात सगळे. मीही हसतो.

तू सगळं जसं लिहिलं होतंस तसं मी उतरवलं. वाचलंही नाही. नेहमीसारखं एकेक अक्षर बघून काढलं, कारण मला वाटलं, ताईने लिहिलंय म्हणजे नीटच असणार. आबा मला पळपुटा म्हणाले तर म्हणोत, त्यांनी कधी वेगळं म्हटलंय? पण तूही? सहा वर्षं प्रत्येक पत्रात 'करशील रे तू, जमेल रे तुला' लिहीत होतीस. पोटात हे होतं होय?

लबाडी करू नकोस म्हणालो होतो, मान्य. पण एकतीस?

बॉयलरच्या जागेचं मार्चच्या मध्याला ठरवणार. बाई म्हणतात, हवं तर एकदा कागद परत भरा. कशाला? मला सगळ्यात जास्त ओळखणाऱ्या माणसाने भरलाय तो. ह्याच्यावर आणि काय भरणार?

बसचं वेळापत्रक बघून आलो. वाराच आहे तर वाहू दे.


२ मार्च

भिंगऱ्या,

पत्राखाली नाव घालायचं विसरलास, की मुद्दाम?

मी मनात आलं तेच लिहिलं. तू खरं लिही म्हणालास, मी खरं लिहिलं. त्याचा वारा झाला की पाऊस, ते मोजणारी मी नव्हे. तुझे दाखले मी भरले, अर्ज मी भरले, बेकरीवाल्याला माफीचं पत्रही मीच लिहिलं होतं. कधी एका शब्दानं बोलले नाही. आणि आता पोटात काय होतं म्हणून तू मला विचारतोस?

जा. आणखी एक काम सोड. आबा विचारतील तेव्हा सांगेन, सहावं.

आणि त्या बाईंना माझं एवढं विचार. ज्या माणसाला घरी बसण्यावाचून इलाज नाही, त्याचा प्रकार ह्या चारांत कुठला? डोंगर का? तो जागचा हलत नाही म्हणून?

मैत्रिणीला नकार लिहून ठेवलाय. पोस्टात टाकायला जायला सवड झालेली नाही.

ताई


९ मार्च

ताई,

आधी माफ कर. मग पुढचं वाच.

तुझं पत्र आलं तेव्हा माझी बॅग भरून झाली होती. बस दुपारची, हातात तीन तास. मला तीन तास हातात देणं म्हणजे माकडाच्या हाती घड्याळ. खोलीत फेऱ्या मारल्या, बुटांच्या नाड्या काढून परत ओवल्या. मग बॅगेत सगळ्यात वर तुझा तो कागद दिसला. म्हटलं, बघू तरी मी इतका वाईट कुठे आहे.

आयुष्यात पहिल्यांदा तू भरलेला माझा कागद मी वाचला. बोट ठेवून ठेवून, पण पुरा वाचला.

पहिले दहा प्रश्न म्हणजे मीच. 'गर्दीत गेल्यावर उत्साह वाटतो का?' तू लिहिलंस, 'नाही, चप्पल हरवतो.' मी एकटाच हसलो. अकरापासून मात्र मला मी सापडेना.

बारावा. 'दिवसभर एका जागी बसणं आवडतं का?' नाही. कारण, 'एकाच खिडकीतून तेच छप्पर बघून डोळे शिणतात.' ताई, आमच्या खात्याला खिडकीच नाही.

सतरावा. 'दूरची गाडी सुटताना दिसली तर आपण आत असावं असं वाटतं का?' हो. मला गाडी लागते! मावशीकडे जाताना मी तुझ्या दप्तरात काय केलं होतं ते तू अजून पाहुण्यांना सांगतेस.

सव्वीस. 'नव्या गावाचं नाव ऐकलं की ते कुठे आहे हे शोधता का?' हो, 'भिंतीवरच्या नकाशात.' माझ्या भिंतीवर एक खिळा आहे, त्याला माझा शर्ट.

तेहतीस. 'तुम्ही इतरांसाठी थांबून राहता का?' तू लिहिलंस, 'हो. दोघांसाठी. एक आतल्या खोलीत आहे, एक परगावी.'

हे वाचून मी उठलो नाही, ताई. पाय हलायचाही थांबला.

आणि चाळिसावा. 'पुढच्या वर्षी वेगळ्या ठिकाणी असाल असं वाटतं का?' तिथे 'नाही' लिहिलंयस. पेन इतकं दाबलंस की कागद फाटलाय.

भिंतीवर माझ्या नावासमोर जो वारा लावलाय तो मी नाहीच. तो तू आहेस. एकतीस गुणांची. आणि मी मूर्ख, 'तूच म्हणतेस ना, सवय झालीय' असं लिहून मोकळा झालो.

बस गेली. मी गेलो नाही. बाईंकडे जाऊन माझा कागद मीच भरणार आहे. पुढचं पुढे. तो नकार मात्र पोस्टात टाकू नकोस. टाकला असशील तर आज दुसरं पत्र टाक.

तुझा भिंगऱ्या


१५ मार्च

भिंगऱ्या,

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा लाज वाटली. दुसऱ्यांदा तुझा राग आला, इतकं नीट वाचता येतं तर शाळेत काय झालं होतं? तिसऱ्यांदा पायडलवर पाय तसाच ठेवून बसून राहिले.

मला खरंच कळलं नव्हतं रे. दहावा प्रश्न झाला आणि आबांनी हाक मारली. त्यांना उठवून बसवलं, चहा दिला, परत येऊन लिहायला लागले. बहुतेक तिथेच तू खुर्चीवरून उठलास आणि मी बसले.

हो. जावंसं वाटतं. चौतीस वर्षं ह्याच जिन्याने चढले-उतरले. नकाराचं पत्र मशीनच्या खणात पडून आहे. हे तुला लिहिलं, आणखी कोणाला बोलले नाही.

पण म्हणून तू तुझी जागा सोडून येऊ नकोस. मला उपकार नकोत. आणि दुसरी भीती आहे ती उघडच लिहिते. तू आलास, मी गेले, आणि महिन्याभरात तुझ्या पायाला खाज सुटली तर? आबा जिन्याच्या तोंडाशी एकटे, आणि मी अर्धी शिवण टाकून परत यायचं. एकदा बघून आल्यावर ही खिडकी मला सोसायची नाही. त्यापेक्षा न गेलेलं बरं.

आबांनी विचारलं, 'काय लिहितेस एवढं?' म्हटलं, स्वभाव काढायचं चाललंय. म्हणाले, 'माझा लिही. गंजलेलं कुलूप.' मग थोड्या वेळाने, 'तेल घातलं तर चालतं म्हणावं.'

ताई


२१ मार्च

ताई,

कागद मीच भरला. बाईंच्या समोर बसून. दोन तास चाळीस मिनिटं लागली. मधे त्या जेवून आल्या. चारदा उठलो, पाणी प्यायलो, एकदा नुसताच दारापर्यंत जाऊन आलो, पण परत बसलो. सगळी कारणं लिहिली. एका ठिकाणी 'माहीत नाही' लिहिलं, तर बाई म्हणाल्या, चालतं.

डोंगर एकोणीस, वारा अठरा. उरलेले इकडे तिकडे. एका गुणाचा डोंगर आहे मी. डोंगर कसला, टेकाड म्हण.

बाईंनी मान डोलावली. म्हणाल्या, 'ही उत्तरं खरी वाटतात. जागा तुमची. इथे सही करा.' तीन वर्षांचा कागद पुढे केला. मी पेन उचललं. खोटं सांगत नाही, टेकवलंही. मग तो बारावा प्रश्न आठवला. खिडकीचा. म्हटलं, 'बाई, मला नको. मला घरी जायचंय.'

'अहो, डोंगर निघालात आणि उठून चाललात?'

'डोंगर त्याच्या जागेवरच चाललाय, बाई.'

बोलून गेलो खरा, बाहेर आल्यावर वळून एकदा बॉयलरकडे बघितलं. ती खुर्ची मला हवी होती. अजून हवी आहे. तुझ्यावर उपकार केला असं समजू नकोस, जानेवारीत जो शब्द मी खाल्ला तोच परत देतोय.

तुला भीती आहे ती मलाही आहे. कदाचित तुझ्याहून जास्त. म्हणून हे. ह्या पत्राच्या मागे लिहिलंय की एक वर्ष मी आबांना आणि घराला सोडून जाणार नाही. शब्द माझे, अक्षर माझं, खाली सही. बाईंना तीन वर्षांची देणार होतो, तुला एका वर्षाची देतो. ती मात्र जमेल असं वाटतं.

मंगळवारी पोचतो, गाडीत उलट्या करत. मुकादमाने निरोपाला ती कवळी दिलीय, 'आबांना बसते का बघ!' तू बॅग भर. खणातलं पत्र मी आल्यावर फाडू.

तुझा भिंगऱ्या


२ मे

भिंगऱ्या,

महिना झाला, आणि मी तुला धड पत्र लिहीत नव्हते, कारण काय लिहू कळत नव्हतं.

इथल्या कारखान्याला तीन भिंती आहेत. चौथ्या बाजूला पाणी. शीड एवढं मोठं असतं की ते जमिनीवर पसरतात आणि मशीन खाली खड्ड्यात, आपण त्या कापडाच्या मधोमध बसून शिवायचं. पहिले आठ दिवस मैत्रीण मला ओरडायची, 'कापडाकडे बघ ग! पाणी कुठे पळून जात नाही.' मी म्हटलं, मला काय ठाऊक, मी पहिल्यांदाच बघतेय.

परवा मी शिवलेलं पहिलं शीड चढवलं. वारा भरला, कापड फुगलं, आणि माझी शिवण ताणली गेली. मी शिवणीवर डोळे लावून उभी. टिकली रे.

पण सकाळी जाग आली की आधी वाटतं आबांनी हाक मारली. उठून बसते, मग आठवतं. रोज पत्रवाला येतो तेव्हा हातातली शिवण सोडून उठते. तुझी तीन पत्रं आली, तिन्हींत 'सगळं ठीक'. तू आणि सगळं ठीक?

एकच प्रश्न विचारते. अजून तिथेच आहेस ना? कारणासकट लिही. लबाडी करू नकोस.

ताई


१७ मे

ताई,

हो. कारणासकट लिहितो.

तेवीस एप्रिलला मी स्टँडवर गेलो होतो. बॅग नव्हती घेतली, पण गेलो होतो. सकाळी आंघोळीवरून आमची जुंपली. आबा म्हणाले, 'तिला घालवलीस आणि आता तूही जाणार, जा ना, दार उघडंच आहे.' मी म्हटलं, जातो. शेजारच्या काकूंना त्यांच्याजवळ बसवून निघालो. स्टँडवर दोन गाड्या सुटलेल्या बघितल्या. डिझेलच्या वासानंच मळमळायला लागलं. पण त्यामुळे परत आलो असं नाही. तेहतिसावा प्रश्न डोक्यातून जाईना. आतल्या खोलीतला तिथेच होता, फक्त परगावी आता तू होतीस.

परत आलो तर आबांनी काकूंना घरी पाठवून दिलेलं, आणि दाराला आतून कुलूप. त्यांचंच जुनं, मोठं. कडी वाजवली.

'कोण?'

'मी.'

'मी कोण?'

'डोंगर,' म्हटलं. 'एका गुणाचा.'

मग आतून किल्लीचा आवाज. एका हाताने त्यांना उघडायला किती वेळ लागतो तुला ठाऊक आहे. मी जिन्यात उभा राहिलो. घाई करा म्हणालो नाही. दार उघडलं तेव्हा घामाघूम झाले होते. म्हणाले, 'चहा टाक.' तेवढंच.

आता घाबरू नकोस, पुढचं बरं आहे. तुझ्या सोळा पडद्यांतले चार राहिले होते. सभागृहवाला दारात येऊन बसला. चादरीची कड सरळ कशी धरायची हे मला कोणी शिकवायला नको, दिवसाला बाराशे धरल्यात. तुझ्या मशीनवर बसलो. दोनदा सुई मोडली, एकदा बोटात घुसली. तिसऱ्या पडद्यापासून जमलं. हात अजून चुकतात, पण पायाचं मला कळलं. माझा पाय हलायचाच होता गं, इतकी वर्षं त्याच्याखाली पायडल नव्हतं.

तुझी खिडकी मला बरी वाटते. समोरच्या छपरावर एक कौल सरकलंय, तू कधी सांगितलं नाहीस. पुढच्या आठवड्यात समोरच्यांना जाऊन सांगणार आहे. वर्षानंतरचं मला माहीत नाही, आणि ते कागदावर लिहिलं तरी चालतं, असं बाईच म्हणाल्यात.

आबा शेजारी कुलुपं घेऊन बसतात. कवळी बसली नाही, पण फेकूही देत नाहीत. आज हे पत्र लिहायला मशीन थांबवलं, तर पाच मिनिटंही झाली नसतील, त्यांनी मान वर केली.

'थांबलास का रे?' म्हणाले. 'हलव, पाय हलव.'

तुझा भिंगऱ्या